पेपरात सायलीचं नाव

कोपरगाव, ता. १२ जानेवारी १९९५

चि. महेंद्र यास पुष्पाअक्काचा जयभीम व आशीर्वाद. इकडे सर्व बरे, तुम्हां उभयतांची खुशाली कळवणे.

तुझ्या चित्रांच्या पहिल्या प्रदर्शनाचं कार्ड पोचलं. तुझ्या दाजींनी ते अख्ख्या कारखान्यात मिरवलं. सोबतचं पेपराचं कात्रणही वाचलं. बायकोचं गाणं ऐकताना मला रंग सुचतात, असं सांगितलंस तू त्यांना. घास उतरला नाही बघ माझा. सायलीला घरात येऊन दोन वर्षं झाली. आपल्या दादांच्या गायन पार्टीत मी गायचे, तेव्हा पेटीला टेकून पाटीवर ढोलकी कोण काढायचं रे? पुष्पानं सूर लावला की मह्याचा हात चालतो, असं दादाच म्हणायचे. ती शिकलेली, रेडिओवर गाणारी. आमचं नाव कशाला कुणी छापेल!

यायला जमणार नाही. घरात कामं लई आहेत. खरं म्हणजे, यायची इच्छाच नाही.

माया आहेच. ती आटेल असं वागू नकोस.

तुझी अक्का

केडगाव, ता. १७ जानेवारी १९९५

ती. पुष्पाअक्कास महेंद्रचा सविनय जयभीम.

तुझं पत्र सायलीला दाखवलं नाही. पण अक्का, पेपरात मी खोटं बोललो नाही. ती सकाळी रियाजाला बसते आणि शाळेत चित्रकला शिकवायला जाण्याआधी मी शेजारच्या खोलीत रंग कालवतो. तिचा आवाज चढला की हात आपोआप पिवळ्याकडे जातो. तुझ्या गाण्यावर काय काढू? लग्नानंतर तू गायलीस कुठे? दादा गेले तेव्हा शोकसभेत सगळ्यांनी विनवलं, तर घसा बसलाय म्हणालीस.

एक गोष्ट तुला माहीत नाही. पार्टीतले जुने लोक घरी आले की सायलीला म्हणतात, गातेस छान, पण आमच्या पुष्पाची सर नाही. त्या दिवशी ती धड जेवत नाही.

दाजींना घेऊन ये. लोभ राहो न राहो, भांडायला तरी ये.

तुझा महेंद्र

कोपरगाव, ता. ६ फेब्रुवारी १९९५

चि. महेंद्र यास आशीर्वाद.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मी येऊन गेले, हे सायलीनं सांगितलं असेलच. तू शाळेत होतास, ते बरं झालं. चित्रं बघून जास्तच जळले. ती खरंच सुंदर आहेत, आणि त्यांत मी कुठंच नाही.

तेवढ्यात कुणीतरी सायलीला गायचा आग्रह केला. तिनं दादांचंच गाणं धरलं. सूर पक्का, पण अंतरा फार सरळ घेतला. मला राहवलं नाही. तिच्या तोंडचा अंतरा मी उचलला. पहिल्या ओळीला घसा फाटला, पुढं मोकळा झाला. माणसं तुझ्या चित्रांकडे पाठ करून ऐकत राहिली. त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

सायली रडली. मला वाटलं, रागानं. तर म्हणाली, अक्का, मला हे शिकवा. तिथंच बाकावर बसून शिकवलं. हुशार आहे पोरगी, दोनदा ऐकून उचलते. त्याचाही राग आलाच. एप्रिलात इथल्या जयंतीला मी गाणार आहे, दाजींनी मंडळाला कळवलंसुद्धा. तुम्ही दोघं या.

शेवटच्या ओळीतली माझ्या गळ्याची हरकत मात्र तिला दिली नाही. तिनं विचारलं, तर ती शिकवता येत नाही म्हणाले. येते रे. पण तेवढी माझ्याजवळ असू दे. तिला सांगू नकोस.

तुम्हां दोघांवर जीव आहे, तुझ्यावर जरा जास्त.

तुझी अक्का