फाटकाजवळचा नीरफणस

लारोंद बाग, डॉमिनिका
४ फेब्रुवारी २०१९

ती. फिलोमीनताईस कथबर्टचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू विषय निघायच्या आधीच ओरडतेस, म्हणून पत्र.

बाग जोरात आहे. मंगळवारी जहाज लागतं. पाहुणे धबधबा सात मिनिटं पाहतात आणि सरडा वीस मिनिटं. परवा एका बाईंनी धबधबा किती वाजता बंद होतो म्हणून विचारलं. मी पाच म्हणालो. बाई साडेचारला धावत आल्या.

आता मुद्दा. मोठ्या बसवाल्यांना आत वळायला जागा हवी, नाहीतर ते पलीकडच्या धबधब्याकडे जाणार. आड येतोय फाटकाजवळचा नीरफणस, म्हणजे तुझा. आईने तुझी नाळ त्याच्याखाली पुरली हे मला ठाऊक आहे आणि ज्याचं झाड त्याच्या शब्दाशिवाय कुऱ्हाड लावत नाहीत हेही. तेव्हा शब्द दे. वाळक्या नाळेचं काय एवढं? माझं नदीकाठचं झाड चक्रीवादळात आडवं झालं. मी खोड जमिनीसपाट कापून वर तिकिटाची खोली बांधली आणि अजून दोन ताटं जेवतो. खोलीची फरशी तेवढी तडकते. गवंडी भिकार निघाला. फटीतून काहीतरी हिरवं डोकावतं, दोनदा कात्री लावली.

एकतीस वर्षं ब्रॅडफर्डला आहेस. झाडाने एकदाही तुझी चौकशी केलेली नाही.

लोभ आहेच, तो झाडाबरोबर तोडू नये.
तुझा, कथबर्ट


ब्रॅडफर्ड
२५ फेब्रुवारी

चि. कथबर्ट यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले, मनातून काय निघालं ते पोस्टाने पाठवता येत नाही.

मी ऑगस्टमध्ये नोकरीतून मोकळी होते आणि घरी येते. इथे कुणी तू कुठली विचारलं, तर एकतीस वर्षं मी एकच सांगत आलेय: जिथे माझी नाळ पुरलीय तिथली. आता काय सांगू, बसच्या वळणावरची?

आणि वाळकी नाळ कोण म्हणतंय! नऊ वर्षांचा असताना तुझ्या झाडाखाली कुणी शिंकलं तरी तू आईकडे रडत जायचास.

झेली मावशीला विचार. आई बाळंतिणीच्या खाटेवर होती, दोन्ही खड्डे मावशीने खणले. ती हो म्हणाली, तर मीही हो म्हणेन. तोवर कुऱ्हाड खाली ठेव आणि मावशीकडे जाताना खारवलेला मासा ने, रिकाम्या हाताने गेलास तर ती बहिरी होते.

तुझ्या बायकोला माझे आशीर्वाद. तिला ते जास्त लागतात.
फिलोमीन


लारोंद बाग
२२ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

या वेळचा नमस्कार खरोखर साष्टांग आहे. दहा दिवस लिहायचं धाडस होत नव्हतं.

मासा नेला. मावशी तुरीच्या शेंगा सोलत होती. माझं बोलणं ऐकून शेंगा ठेवल्या आणि इतकी हसली की कवळी काढून हातात धरावी लागली. म्हणाली, अरे गाढवा, फाटकाजवळचं झाड तुझं! लहानपणी तू त्यावर चढून सारखा आपटायचास, म्हणून तुझ्या आईने दोघांनाही झाडं अदलाबदल करून सांगितली. बहिणीचं झाड म्हटल्यावर तू त्याच्या सावलीतसुद्धा पाय ठेवला नाहीस.

म्हणजे नदीकाठचं तुझं होतं, ताई. वादळाने पाडलं आणि उरलेलं मी सिमेंटखाली गाडलं. आणि वर दोन ताटं जेवल्याची फुशारकी तुलाच लिहून कळवली.

तिथून धावत खोलीत गेलो. फटीतून पान आलं होतं, बोटं फाकलेल्या पंजासारखं. नीरफणसाचंच. जुन्या मुळाला फुटवा. दोनदा कापूनही तिसऱ्यांदा आलं. हट्ट कुणाचा ते ओळखलं.

खोली पाडली. आता तिकिटं मी छत्रीखाली बसून देतो. फुटवा वीतभर झालाय, भोवती कुंपण घातलंय. पाहुणे त्याचेही फोटो काढतात. कसलं झाड विचारलं, तर माझी मोठी बहीण म्हणून सांगतो.

बसवाल्यांनाही सांगून टाकलं, फाटकापासून पन्नास पावलं चाललात तर पाय झिजणार नाहीत. दोघं पलीकडे गेले. जाऊ देत. वाळकी असली तरी नाळ आहे माझी.

रागाव, पण ये.
कथबर्ट


ब्रॅडफर्ड
१५ एप्रिल

चि. कथबर्ट यास अ. उ. आ. आणि या वेळी मनापासून.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग शेजारणीला वाचून दाखवताना हसले. ती विचारत होती, तुझा भाऊ नेहमीच असा असतो का. मी म्हटलं, नाही, पूर्वी जरा बरा होता.

ऑगस्टच्या नऊ तारखेचं तिकीट काढलंय. फुटव्याला सावली दे आणि कात्री मावशीकडे जमा कर.

राहता राहिला तुझा प्रश्न. फाटकाजवळचा नीरफणस तोडायला माझी संमती मागितली होतीस. सगळीकडून विचार केला. माझी काही हरकत नाही.

फाटकाशी उभा राहा, मी येतेच आहे.
तुझी, फिलोमीन