दार काढलेला वर्ग

बाई, मी शिक्षक झालो हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. मी डी.एड.ला जायच्या आधीच तुम्ही गेलात. तुमच्या चौथीच्या वर्गात सगळ्यांत कमी बोलणारा मुलगा होतो, एवढ्यावरून तुम्ही मला ओळखाल. मिरजगावच्या अलीकडच्या आपल्या त्या शाळेत नाव पुकारलं की 'हजर' म्हणायची पद्धत होती. माझा 'ह' घशातच अडकायचा. तुमच्या आधीचे गुरुजी जरा थांबायचे, मग पुढचं नाव घ्यायचे, आणि वर्गात बसूनही माझी गैरहजेरी लागायची. तुम्ही आल्यावर थोड्याच दिवसांत हे तुमच्या लक्षात आलं. मला तुम्ही काहीच विचारलं नाही. वर्गाला सांगितलंत, "उद्यापासून नाव घेतलं की नुसता हात वर करायचा. मला गोंगाट सोसत नाही." सगळ्यांचेच हात वर जायला लागले, त्यात माझा हात कोणाला वेगळा दिसला नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आई मला दूध घेऊन तुमच्याकडे पाठवायची. तुम्ही चर्चच्या मागच्या खोलीत राहत होता. तुम्ही भाकरी थापताय, मी चुलीपासून थोडा लांब बसलोय. "रानात काय चाललंय रे?" असं विचारून तुम्ही तव्याकडे बघत राहता. माझ्या तोंडाकडे बघत नाही. मी सांगायला लागतो, शब्द अडकतो, आणि तुम्ही तो पुरा करत नाही. घरी सगळे माझे शब्द पुरे करायचे, मायेनंच करायचे, आणि मग मला जे म्हणायचं असायचं ते राहूनच जायचं. एकदा माझं वाक्य लांबलं आणि तव्यावरची भाकरी करपली. ती तुम्ही स्वतःच्या ताटात घेतलीत.

पुढे मी हात वर करण्याच्या त्या सवलतीचा आडोसा केला. कोणी काही विचारलं की मान हलवायची, नाहीतर "बाईंनी सांगितलंय" असं पाटीवर लिहून दाखवायचं. एक दिवस तुम्ही मला उभं केलंत. "बोलायची सक्ती नाही, असं म्हटलं होतं मी. बोलू नको असं कधी म्हटलं?" आणि धड्यातलं एक वाक्य वाचायला लावलंत. त्याला फार वेळ लागला. पोरं हसली. तुम्ही त्यांना गप्प केलं नाहीत, मला खालीही बसवलं नाहीत. त्यानंतर बरेच दिवस मी तुमच्यावर धुमसत होतो. खो-खोच्या पंचाची शिट्टी तुम्ही माझ्या गळ्यात घातलीत तेव्हा कुठे राग ओसरला.

आता मी शिंगणापूरच्या बाजूला एका वस्तीवरच्या शाळेत आहे. इथल्या जुन्या चालीप्रमाणे बऱ्याच घरांना दारं नाहीत, पडदा असतो. माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी आहे. ती बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, आणि एका जागी बसत नाही. तिची आई देवस्थानाच्या रस्त्याला तेल आणि रुईच्या माळा विकते. मागच्या वर्षी मुलगी वर्गातून उठून थेट आईच्या दुकानाकडे पळाली. भाविकांचा एक टेम्पो तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरून रस्त्यातच बसला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वर्गाला आतून कडी लावायला लागलो. मुलगी दाराशी उभी राहून किंचाळायची, फळीवर डोकं आपटायची. बाकीची मुलं कानांवर हात घेऊन बसायची. त्यांचे पालक तक्रार घेऊन शाळेत आले. मुख्याध्यापक मॅडमनी तिच्या आईला बोलावून समजावलं, "नगरला अशा मुलांची निवासी शाळा आहे. तिथं तिची नीट सोय होईल." आई म्हणाली, "तिकडं ती कुनाजवळ झोपंल? तिला माझा हात लागतो झोपताना." मॅडम वाईट नाहीत.

याच सुमारास दाराच्या चौकटीला वाळवी लागली. सुतार आला आणि दार उतरवून घेऊन गेला. त्या दिवशी मी धास्तावून फाटकाशीच खुर्ची टाकून बसणार होतो. पण ती पळाली नाही. उंबऱ्याला टेकून बसली. मध्येच उठून व्हरांड्यात फेरी मारून आली, पुन्हा बसली. दुपारपर्यंत एकदाही किंचाळली नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी एवढंच केलं की मैदानाच्या फाटकाला कुलूप घातलं, आणि दार दुरुस्त होऊन आलं तेव्हा ते बसवू दिलं नाही.

त्यावरून शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. कुत्री येतील, पावसाची झड आत येईल, असं सगळे बोलले. "एका पोरीपायी सगळ्या वर्गाला उघड्यावर बसवायचं का?" एका पालकांनी विचारलं. कोणीतरी चोरीचं नाव काढलं, तेव्हा एक म्हातारे सदस्य म्हणाले, "आपल्यात चोरीचं भ्या कवापासनं आलं?" थोडे हसले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो. "ह-ह-ही मुलगी" एवढ्यावरच अडकलो. शेजारचे सदस्य मदतीला आले, "सरांचं म्हननं असंय की..." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वेळ लागला, पण माझं मी बोललो. पळायची वाट दिसत राहिली की ती पळत नाही, एवढंच मला कळलंय, याहून जास्त मला कळलेलं नाही, असं सांगितलं. पावसाळ्यात ताडपत्री मी बांधीन म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत राहू द्या दार तसंच." दिवाळी होऊन गेली. पुन्हा तो विषय कोणी काढला नाही.

ती वाचायला शिकलेली नाही. तसं काही झालं असतं तर तुम्हाला आधी तेच कळवलं असतं. ती रंगीत खडू लांबीप्रमाणे लावते, आणि शेजारच्या मुलीनं त्यातला एक उचलला तर आता तिला चावत नाही. ती व्हरांड्यात निघाली की कोणीतरी आपणहून तिच्यामागे जातं. तिच्या आईनं मला एकदाच विचारलं, "सुधारंल का वो गुरुजी?" मी म्हणालो, माहीत नाही. ती म्हणाली, "बरं. येऊ दे मग तिला."

आज ती आली नव्हती, अंगात ताप आहे. वर्ग शांत होता. गणिताचं पान पुरं झालं, मी मध्ये एकदाही उठलो नाही, आणि मला फार हलकं वाटलं. ती येत नाही त्या प्रत्येक दिवशी मला असंच वाटतं. हे मी कोणाशी बोललेलो नाही. मी तापानं घरी असायचो तेव्हा तुमचा तास भरभर संपत असेल. तुम्हालाही हायसं वाटायचं का, एवढंच विचारायला हे लिहायला घेतलं होतं. पण विचारलं की तुम्ही खरं तेच सांगायचात, आणि ते ऐकायची मला भीती वाटते. म्हणून तुम्ही हयात असता तरी हे पत्र मी टपालात टाकलं नसतं.