शेवटची आंघोळ आणि तिची संमती

मी, विठाबाई नाथू ढेबे, वय बेचाळीस, राहणार पोलादपूरच्या वरच्या अंगाची धनगरवाडी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे, कोणी धाक घातलेला नाही. मला एचआयव्हीची लागण आहे हे वाडीला ठाऊकच आहे. पण मी मरणाच्या दारात नाही. एआरटीच्या गोळ्या चालू आहेत, सीडी-फोर म्हणजे अंगातल्या राखणदार पेशी भरपूर आहेत, आणि विषाणू तपासणीत सापडत नाही. सापडत नाही म्हणजे गेला असे नव्हे. महाडच्या दवाखान्यात नव्या पेशंटांना हेच समजावून सांगायचे काम मी करते.

१. माझ्या पगारातून बांधलेले घर आणि पोस्टातली शिल्लक मुलगी सारिका हिला. तिची तपासणी निगेटिव्ह आहे. सोयरीक जुळवताना तिने माझा आजार लपवू नये. ज्यांना तो चालणार नाही, त्यांच्या घरी तिने नांदायला जाऊ नये.

२. दीर महादू यांना काही नाही. अंगातली ताकद गेली की क्षयासारखे जे रोग येऊन बसतात, त्यांना आमच्या दवाखान्यात संधिसाधू आजार म्हणतात. माझे यजमान गेले त्याच पावसाळ्यात भावजींनी आमच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी लावली. मी गोळ्यांवर उभी राहिले तेव्हा कुठे सोडली. भावजी, राग उतरला आहे, पण पुरता गेला असे मी लिहून देणार नाही.

३. माझ्या उरलेल्या गोळ्या एआरटी केंद्रात परत कराव्यात. कोणी कोणाला उसन्या देऊ नयेत.

४. आता मुख्य गोष्ट. यजमान मुंबईत हमाली करत. तिथून आजार घेऊन आले आणि १९९८ साली वारले. आमच्याकडे भावकीने मयताला अंगणात कोमट पाण्याने आंघोळ घालायची असते. त्यांना कोणी घातली नाही. ते पाणी उताराने पाणवठ्यावर जाईल, म्हशी पितील आणि दुधातून रोग घरोघर जाईल, असे सगळ्यांच्या मनाने घेतले. हा रोग म्हशींना होत नाही, पाण्यातून पसरत नाही. पण तेव्हा हे सांगणारे वाडीत कोणी नव्हते. ताडपत्रीत गुंडाळून नेले त्यांना. मलाही तसेच नेतील, याची मला फार भीती वाटते.

म्हणून कच्च्या मसुद्यात मी लिहिले होते, जी मला आंघोळ घालील तिला माझ्या दोन्ही म्हशी. ते खोडले. मुंबईत मी नव्या औषधाच्या चाचणीत होते. कोणाला नवी गोळी आणि कोणाला जुनी, हे आम्हालाही ठाऊक नसे आणि डॉक्टरांनाही. पण त्यात शिरण्याआधी समुपदेशक संजीवनीताईंनी बजावले होते की आमिषाने मिळालेला होकार ही संमती नव्हे. सगळे समजून दिलेली हवी, आणि कधीही, कारण न सांगता मागे घेता आली पाहिजे.

तेव्हा दोन्ही म्हशी धाकटी जाऊ शकू हिला, कोणत्याही अटीशिवाय. तिने माझा कप आजवर वेगळा ठेवला, पण मी दवाखान्यात पडले की माझ्या म्हशींची धारही तिनेच काढली.

आज सकाळी तिला बसवून सगळे सांगितले आणि मी मेल्यावर मला आंघोळ घालशील का, असे विचारले. नुसत्या स्पर्शाने काही होत नाही, रक्त असेल तर हातमोजे घालायचे, तुझ्या हाताला जखम असेल तर नको. नाही म्हणालीस तरी म्हशी तुझ्याच. ती उठून चुलीत लाकडे सारू लागली. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा भडकली.

“इतकी वर्सं तुला शिवले नाय, तवा इचारलंस काय गो मला? आनि आंगोळीसाठी तू मराया कशाला पायजेस? चूल पेटलेली हाय. चल, बस न्हाणीत.”

हे उत्तर मी संमती म्हणून धरते. तिने पाठीला हात लावला तेव्हा मला रडू आवरले नाही, हेही लिहून ठेवते.

हा कागद त्यानंतर पुरा केला आहे. केस ओले असल्याने या शेवटच्या ओळींवर पाणी पडून शाई पसरली आहे. ती खाडाखोड समजू नये.

सही: विठाबाई नाथू ढेबे

साक्षीदार (शकूला वाटा असल्याने तिला साक्षीला घेतलेले नाही):
१. सहदेव गोमाजी कोकरे, निवृत्त शिक्षक, पोलादपूर
२. आवडी येसाजी मोरे, रा. नाते, ता. महाड

स्थळ: धनगरवाडी, ता. पोलादपूर, जि. रायगड
दि. ११ फेब्रुवारी २००८