शेठचा मुक्काम घाटकोपर

मसुरे, ता. मालवण
१० मार्च २०२५

चि. दत्ताराम यास राजारामचे अनेक आशीर्वाद.

तू निवृत्त झालास, बरं झालं. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळवतो. पडवीलगतच्या तुझ्या खोलीला लादी बसवली, रंगही झाला. पाऊस लागण्याआधी तू आणि रत्नप्रभा कायमचे या. एकट्याला हे घर खायला उठतं.

तुझ्या त्या मगरतोंड्या माशाचं काय, ही काळजी सोड. तोही आण, विहिरीत सोडू. इथे सगळेच विहिरीत मासे सोडतात, डासांच्या अळ्या खातात. त्याला मोकळं पाणी मिळेल आणि तुला पुण्य. नाहीतर सुकं करू, मला दोन्ही चालेल.

बाकी भेटीअंती. लोभ आहेच, तो इथे येऊन वाढवावा.

तुझा दादा

—

घाटकोपर
२ एप्रिल २०२५

ती. दादास दत्तूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

खोलीचं वाचून डोळे भरून आले. पण दादा, मला येता येत नाही, आणि ते शेठमुळे.

माशाचं नाव आम्ही शेठ ठेवलंय, कारण दिवसभर लोळतो आणि मांदेली दिसली की तेवढा जागा होतो. दुकानदाराने बोटाएवढा असताना विकला, एवढाच राहील म्हणाला. आता भिंतभर टाकीत वळताना शेपटी काचेवर आपटते. मूळचा हा अमेरिकेतल्या नद्यांतला. मत्स्यव्यवसाय खात्यातल्या एका बाईंना भेटलो. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की हा विकायलाच परवानगी नाही आणि आपल्या नदीत, तळ्यात, विहिरीत सोडणं तर अजिबात चालायचं नाही. मरेपर्यंत घरात सांभाळा, नाहीतर आमच्याकडे द्या, वेदना न होता संपवू, म्हणाल्या. मत्स्यालयांत विचारलं, कोणी घेत नाही. मारायला माझं मन धजत नाही. रोज बांगडा खाणारा मी, तेव्हा तू खुशाल हस.

आपली विहीर पावसात तोंडोतोंड भरून ओहोळाला मिळते. ज्या ओहोळावर आपण पहिल्या पावसात कंदील घेऊन प्रवाहाविरुद्ध वर येणारे चढणीचे मासे धरायला जायचो, तिथे हा तोंड उघडून बसेल. हे मासे माणसाइतके जगतात म्हणे. शेठ आहे तोवर माझा मुक्काम इथेच.

रागावू नये. लोभ असावा, शक्य तर शेठवरही.

तुझा दत्तू

—

घाटकोपर
५ मे २०२५

ती. भावोजींस रत्नप्रभाचा कृ. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं उत्तर आलं नाही, म्हणजे तुम्ही रागावलात. ह्यांनी लिहिलं नाही ते मी लिहिते.

आमच्या सोसायटीतले श्यामसुंदर म्हणाले, की सगळे पवई तलावातच सोडतात, विचारतो कोण. मीही कंटाळून तेच म्हटलं. मला गावी यायचंच होतं. हे एकटेच पवईला जाऊन बघून आले. काठावर गळ टाकून बसलेल्यांना एकामागून एक तेच काटेरी, टाकीची काच चाटणारे मासे मिळत होते. कोणाकोणाच्या टाकीतून सुटलेले. ते लोक वैतागून काठावर फेकत होते. घरी आले ते जेवले नाहीत. गावी न्यायची बॅग भरलेली होती, ती उपसली आणि कपडे परत कपाटात लावले.

आता संध्याकाळी टाकीसमोर बसून शेठला गावच्या गोष्टी सांगतात. बहुतेक तुमच्याच असतात. इतक्या वर्षांच्या संसारात मला ह्यांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. तोंडावर सांगणार नाही, डोक्यावर बसतील.

प्रकृतीला जपावं. आमच्यावरचा राग निवळला की दोन ओळी लिहाव्यात.

आपली,
रत्नप्रभा

—

मसुरे
१६ मे २०२५

चि. दत्तूस आशीर्वाद.

रागावलो होतो, हे खरं. माशासाठी भावाला नाही म्हटलंस, म्हणून तुझं पत्र फळीवर टाकून दिलं होतं. रत्नप्रभेचं पत्र आलं, आणि ते घेऊन ओहोळावर जाऊन बसलो. पाणी आटलंय, पण खोलगट कोंडीत उरलेल्या पाण्यात माशांची बारकी पिल्लं वळवळत होती. ह्यांच्यासाठी तू तिकडे अडकून पडलास आणि मी इथे बसून शेठला विहिरीचं आमंत्रण देत होतो. गावात राहिलो मी, पण गाव सांभाळलंस तू.

तर आता तुझी खोली तुझी राहिली नाही. लादी उखडली. गवंडी तिथे सिमेंटची टाकी बांधतोय, वर घट्ट जाळी. जोतं उंच आहे, केवढाही पूर आला तरी पाणी उंबऱ्याला लागलेलं नाही. इथे वीज जाते, पण शेठ वर येऊन तोंडाने हवा घेतो, असं रत्नप्रभेने फोनवर ओरडून सांगितलं, ते ऐकू आलं. आधी हे पत्र त्या खात्यातल्या बाईंना दाखव. त्या हो म्हणाल्या आणि तसं लिहून दिलं, तरच टेम्पो ठरव. नाही म्हणाल्या, तर मी घराला कुलूप लावून घाटकोपरला येतो. टाकीसमोर आणखी एक खुर्ची मावेल ना?

आलात तर रत्नप्रभेला देवघरालगतची खोली. तुझं अंथरूण माजघरात माझ्या शेजारी, लहानपणी असायचं तिथेच. घोरलास तरी आता मला ऐकू येत नाही.

लोभ होताच, तो वाढला आहे.

तुझा दादा