डब्याचा डावा टायर

५ मे, मंगळवार
जीपमागचा डबा उलटला. चिल्हार फाट्याच्या अलीकडे, दुपारी अडीच. डावा टायर फुटला. डबा रस्त्याखाली गेला, जीप अर्धी फिरली. ड्रायव्हर दामूचं डावं मनगट मोडलं. डब्यात कोणी नव्हतं, डॉ. मॅडम शिबिर आटोपून आधीच निघाल्या होत्या. दातांची खुर्ची मोडली, चिमटे रस्ताभर. पाड्यावरच्या बायकांनी सगळे वेचून पदरातून आणून दिले. एकही कमी नाही.
फोन आला तेव्हा मी जेवून आडवा झालो होतो.

६ मे
विश्वस्त अण्णासाहेबांचा सकाळीच फोन. "हळू चालवली असती तर फुटला असता का?" त्यांचा तपास तिथेच पुरा झाला. तरी रीत म्हणून अहवाल मी लिहायचा, संस्थेचा व्यवस्थापक म्हणून. शुक्रवारी, १५ ला, बैठक.

डबा म्हणजे मूळची कॅरॅव्हान. कुणा हौशी माणसाने फिरायला घेतली, दोन सहलींत हौस फिटली, संस्थेला देऊन टाकली. आम्ही पलंग काढून दातांची खुर्ची बसवली. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. टायर तर कोणीच पाहिले नाहीत. वरची नक्षी नवीकोरी होती, तेवढ्यावर खूश.

एक गोष्ट इथेच लिहितो, दुसरीकडे लिहिलेली नाही. एप्रिलमध्ये दामूला मी सांगितलं, डब्याच्या चाकांत पन्नासची हवा आहे ती चाळीस कर. एक तर ऊन फार. दुसरं, खड्ड्यांत औषधाच्या बाटल्या फुटतात अशी मॅडमची तक्रार. हवा कमी केली की दणके कमी. दामू म्हणाला होता, "साहेब, कमी हवेला टायर जास्त तापतो. आमी टेम्पोवर बघितलाय."
मी म्हणालो, "उन्हाने हवा फुगते रे. साधं शास्त्र आहे."
तीस वर्षं तारापूरला कंपनीच्या स्टोअरमध्ये काढली. बोल्ट आणि हातमोजे वाटले. शास्त्राशी संबंध तेवढाच.

७ मे
पाम गावी दामूच्या घरी. हात प्लास्टरात, गळ्यात झोळी. बायकोने चहा दिला आणि दाराशी उभी राहिली, बसली नाही.
"किती वेगात होतास?"
"चाळीसला. मागे डबा असला की मी चाळीसच्या वर जात नाय, तुमाला माहीत हाय."
माहीत आहे. चार वर्षं त्याच्या शेजारी बसतोय. पोचायला उशीर होतो म्हणून मीच कुरकुरतो.
हवेचं तो बोलला नाही. मीही नाही. मग वाडीतल्या जामांवर बोललो. यंदा पाखरांनी फार खाल्ले म्हणे. निघताना त्याची बायको म्हणाली, "यांची नोकरी राहील ना, साहेब?" म्हटलं, बघू. बघणारा मीच, हे तिला ठाऊक असावं.

९ मे
ज्याला विचारावं त्याच्याकडे कारण तयार. मॅडम: रस्ता. विम्याचा माणूस: वजन. पाण्याची टाकी आणि कंप्रेसर दोन्ही डाव्या अंगाला बसवलेत, कारण मॅडमना उजवीकडे खिडकी मोकळी हवी होती. अण्णासाहेब: वेग. शेजारचे पाटील: अमावास्या (नव्हती). माणूस गेला तरी इतकी कारणं निघत नाहीत.
माझं कारण मी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. व्यवस्थापकाला कोण विचारतो.

१० मे
फुटका टायर रिक्षात घालून सालवडला. रिक्षावाल्याने टायरचं वेगळं भाडं लावलं. तिथला टायरवाला बिहारचा, पंधरा वर्षं इथे. आधी बाजूवरचे चार आकडे वाचले. आठवडा आणि वर्ष असतं म्हणे ते. टायर सात वर्षांचा निघाला. मग बाजूच्या बारीक भेगा दाखवल्या. पावसाळाभर डबा एकाच जागी उभा, बाकीचं वर्ष उन्हात. "टायर चलने से कम, खड़े-खड़े ज़्यादा मरता है, साहब."
मला एकदम हायसं वाटलं. म्हटलं, तो फिर उम्र से फटा?
त्याने टायरच्या आत हात घातला आणि तळवा माझ्यापुढे धरला. काळी भुकटी. आत गोल फिरलेला घासल्याचा पट्टाही दाखवला. "हवा कम थी. एक दिन की नहीं, महीने भर की. हर चक्कर में अंदर से पिसता गया."
"पर पुराना भी था ना?"
"बूढ़ा तो था. मारा हवा ने."
पैसे घेतले नाहीत. चहा मात्र मला पाजायला लावला.

१२ मे
अहवाल लिहिला. टायर सात वर्षांचा, भेगा पडलेल्या, एका बाजूला वजन जास्त, रस्ता खराब. शब्दन् शब्द खरा. हिने चष्मा लावून वाचला.
"आणि हवा?"
"तेही एक कारण आहे."
"मग ते कुठाय यात?"
मी म्हणालो, तुला यातलं काय कळतं. ती म्हणाली, "मला टायरमधलं नाही कळत." आणि भाजी निवडायला बसली.
दुपारी एक ओळ वाढवली: हवा कमी होती. कोणी कमी केली, कोणाच्या सांगण्यावरून, ते नाही. संध्याकाळी अण्णासाहेबांना नेऊन दिला.

१३ मे
अण्णासाहेब खूश. बाकीचं वाचलंच नाही, त्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हवा बघणं ड्रायव्हरचं काम. म्हणजे निष्काळजीपणा. छान शोधून काढलंत, कंपनीतल्या माणसाची नजर वेगळीच." त्यांनी नवा ड्रायव्हर हेरूनही ठेवलाय.
ती ओळ नसती तर टायर म्हातारा होता यावर भागलं असतं. आता खरं लिहायला गेलो तेही अर्धं, आणि अर्ध्यावर दामू सापडला. कागदावर निष्काळजीपणा आला की बोईसरमध्ये कुठलीच कंपनी त्याच्या हातात शिफ्टची बस देणार नाही. पन्नाशीच्या माणसाने दुसरं काय करायचं?


१४ मे
दामू ऑफिसात आला, एक्स-रेचं पाकीट घेऊन. उभाच.
"अण्णासाहेबांनी बोलावलेलं. हवा कोणी काढली, विचारलं. मी बोललो, मी काढली. सही घेतली."
"माझं नाव?"
"नाय घेतलं. काढली तर मीच ना, हात माझाच होता."
मला राग आला. त्याचाच. कोणी सांगितला होता हा शहाणपणा? म्हटलं, अरे, मी सांगितलं होतं म्हणून बोलायचं ना!
तो एक्स-रेचं पाकीट सरळ करत होता. मग म्हणाला, "तुमचं तुमी सांगाल, असं वाटलं."
गेला. मी फाइल उघडून बसलो. एक अक्षर वाचलं नाही. लाज वाटली. इतकी, की शिपायाने पंखा लावू का विचारलं तर त्याच्यावर खेकसलो.

१५ मे, शुक्रवार
बैठक अकराला. अहवाल वाचायच्या आधीच सांगून टाकलं. हवा माझ्या सांगण्यावरून काढली, दामूने नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. मॅडम खाली बघायला लागल्या. त्या म्हणाल्या, "बाटल्यांचं मीच बोलले होते." त्या बोलतील असं वाटलं नव्हतं.
अण्णासाहेब हसले. "अहो, तुमच्या सांगण्याने टायर फुटतो का? मन मोठं आहे तुमचं. पण त्याने कबूल केलंय, सही आहे. हे कशाला वाढवता?"
खरं सांगितलं की सुटतो, अशी माझी समजूत होती. इथे त्याबद्दल माझंच कौतुक झालं.
म्हटलं, मग माझीही सही घ्या. कागद द्या. कागद दिला नाही. म्हणाले, डोकं शांत करा, सोमवारी बघू. तोवर कोणाला काढत नाही, कोणाला ठेवतही नाही.

बाहेर दामू जिन्यात बसला होता. आत काय झालं ते सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग एवढंच: "नवा डायवर येल त्याला सांगा, डब्याला पन्नासच ठेव. कोण काय पण बोलू दे."
मी म्हणालो, नवा-बिवा कोणी येत नाही.
त्याने मान हलवली. माझ्या समाधानासाठी हलवली असावी.