आभार आले कुरियरने

ता. ४ जून

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि.

एक जिना खाली राहणाऱ्या बाईला पत्र पाठवते म्हणून हसशील. हस. दार वाजवलं की तू कामात असतेस आणि जिन्यात भेटलीस की पायऱ्यांकडे बघतेस, म्हणून लेखी विचारते, माझं चुकलं काय?

मनगट मोडलं तेव्हा रोज वर येऊन तू माझी वेणी घातलीस. प्लास्टर निघाल्याबरोबर मी फुलं आणि आभाराचं कार्ड पाठवलं. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी हेच शिकवलं आणि नोकरीची सगळी वर्षं परदेशात काढली तिथेही हीच रीत. तिथल्या शेजारणीने कार्ड दिवाणखान्यात उभं करून ठेवलं असतं. तू मात्र फिरकायचीच बंद झालीस! दादा गेला, आता या इमारतीत माझं म्हणावं असं तुझ्याशिवाय आहे कोण?

लोभ आटला असल्यास तेही स्पष्ट कळव.

तुझी नणंद

ता. ६ जून

प्रिय वन्संना,

स. न. वि. वि.

रागबिग काही नाही. कार्ड छान आहे, सोनेरी अक्षरांचं. पण एका जिन्यावरून ते कुरियरने आलं! त्या माणसाने माझी सहीसुद्धा घेतली. वन्सं, आभार परक्यांचे मानतात. मला वाटलं, हात बरा झाला, आता येऊ नकोस, असं तुम्ही रीतसर कळवलंत. येण्याआधी फोन करत जा, हेही तुमचंच सांगणं. फोन केला की काय काम आहे म्हणून विचारता. मग मी चुकीचा नंबर लागला म्हणून ठेवून देते. हे गेल्यापासून वेणी घालताना व्हायचं तेवढंच माझं दिवसाचं बोलणं होतं.

हे पत्र मीच तुमच्या दाराखालून सरकवते आहे. लोभ होता तिथेच आहे.

तुमची वहिनी

ता. ७ जून

ती. वहिनीस,

सा. न.

दारापर्यंत आलीस आणि बेल न वाजवता परत गेलीस? धन्य आहेस! आणि वर मला रीत शिकवतेस.

सकाळपासून तुला बोलवायला निमित्त शोधते आहे. दिवा लागतो, नळ गळत नाही, बरणीचं मेलं झाकणसुद्धा आज एका फिरकीत उघडलं. केसही माझे मी विंचरले.

लोभाचं काय ते समोर बसून बघू. काम काही नाही. ये.

वन्सं