सखूबाईचं लाल सोनं

मार्कंडा, रविवार संध्याकाळ, १९५४

सखूबाई रागावली ते बरोबरच. वैनगंगेच्या वाळूतून धुऊन काढलेला सोन्याचा कण तिने मला प्रयोगासाठी दिला, आणि मी आज पुढे केली लाल पाण्याची बाटली!

"काऊन जी भाऊ, माह्यं सोनं कुठी गेलं?"

म्हटलं, बाई, यातच आहे. इतकं बारीक झालंय की लाल दिसतं आणि बुडत नाही. मीठ टाकलं की लाली जाऊन तळाशी बसेल, मग वितळवून देतो. मिठाची चिमूट उचलली, पण हात थांबला. का थांबला? तिने बाटली उन्हात धरली होती.

"मीठ नोका टाकू. बुडालेलं सोनं तं मले रोजच भेटते. हे तरंगून राह्यलं."

बाटली घेऊनच गेली. कोलॉइड, म्हणजे पाण्यात न बुडता तरंगत राहणारे असे बारीक कण, इकडे विद्यार्थ्यांना शिकवणारा पहिला मी. इतक्या वर्षांत कुणी बाटली घरी नेली नव्हती.